शेताच्या बांधात दगडी चाक सापडलंय. चुन्याची घाणी का? (नाशिक जिल्ह्यातल्या चुनाभट्ट्या)

मळेवाला | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाव निफाड तालुक्यातलं, गोदावरी आमच्यापासून दीडेक किलोमीटर. मागच्या आठवड्यात द्राक्षाचा जुना प्लॉट काढला आणि बांध सरळ करायला जेसीबी लावला, तर बांधाच्या पोटातून एक दगडी चाक निघालं. काळा दगड, व्यास साडेतीन फूट, जाडी अकरा इंच, मधोमध चौकोनी भोक. कडेची धाव घासून तळहातासारखी गुळगुळीत झालीय, पण दोन्ही तोंडांवर टाकीचे घाव अजून जसेच्या तसे दिसतात. जेसीबीवाला म्हणाला, "राक्षसाचं जातं असंल."

वडील म्हणतात तेलाचा घाणा. चुलते (वय ८१) म्हणतात चुन्याची घाणी, कारण त्या बांधाला ते लहानपणी "भट्टीचा बांध" म्हणायचे. हे नाव मीही चाळीस वर्षं ऐकतोय, पण मला कायम वाटायचं की वीटभट्टी असेल. आता चाकाच्या आजूबाजूला उकरलं तर राखेचा थर लागला, आणि त्यात करडे-पांढरे, आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे खडे.

नेटवर चुनाभट्टी शोधलं की मुंबईचं रेल्वे स्टेशन येतं आणि भाड्याने फ्लॅट. आपल्या भागात चुन्याचा धंदा होता का? कोण करायचं? कधी बंद पडला? कोणाला काही माहीत असेल तर लिहा. फोटो उद्या टाकतो.

ब्रह्मगिरी | सोमवार, रात्री ९:४०

चुन्याचा घाणाच आहे, डोळे झाकून सांगतो. गडांवर असलीच चाकं पडलेली असतात. गोल दगडी चर, त्यात हे चाक उभं, भोकातून लाकडी दांडा, दांड्याचं एक टोक मधल्या खुंट्याला आणि दुसऱ्याला बैल. चरात चुना न् वाळू टाकायची आणि बैल फिरवत बसायचं.

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

डोळे झाकून सांगायची घाई कशाला? निफाड म्हणजे गड नव्हे. तिथे गुऱ्हाळं होती, तेलघाण्या होत्या. चाक दिसलं की चुना, हे ट्रेकर लोकांचं आवडतं उत्तर.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, सकाळी ६:२०

शंकासुरांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपं आहे. तेलाच्या घाण्याला चाक नसतंच. त्याला उखळ असतं आणि उखळात तिरकी लाट फिरते. उसाच्या चरकाला उभे रोळ असतात, तेही दोन किंवा तीन, एकमेकांना चिकटून. उभं राहून धावेवर घरंगळणारं चाक म्हणजे घाणी. मळेवाल्यांनी लिहिलंय की फक्त धाव झिजली आहे आणि तोंडांवर टाकीचे घाव शाबूत आहेत. जातं असतं तर तोंड झिजलं असतं. चुलते बरोबर आहेत.

ते खडे मात्र पाण्यात धुऊन, वाळवून, वर व्हिनेगर नाहीतर लिंबू पिळून बघा. फसफसले तर चुनखडी. नाही फसफसले तर नुसती भाजलेली माती.

मळेवाला | मंगळवार, सकाळी ७:५५

फसफसले! राखेतल्या खड्यांपैकी बरेचसे फसफसले. आईचं लिंबू वाया गेलं ते वेगळं.

काळी माती | मंगळवार, दुपारी १२:३०

भूगोल शिकवतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

नाशिक जिल्हा सगळा काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय. चुनखडकाचे थर इथे नाहीत. महाराष्ट्रात ते आहेत यवतमाळ-चंद्रपूरकडे, म्हणून सिमेंटचे मोठे कारखाने गडचांदूर-आवारपूरला. मग नाशिकला चुना आला कुठून?

तर शेतातून. बेसाल्टमध्येच कॅल्शियम असतं. दगड झिजून माती होताना ते पाण्यात विरघळून खाली झिरपतं, आणि जिथे पाऊस कमी न् ऊन जास्त, तिथे पाणी उडून जातं आणि चुना खड्याच्या रूपाने मातीतच साठतो. हेच आपले चुनखडीचे खडे, कंकर. मळेवाल्यांचे "आल्याचे गड्डे" ते हेच. नदीकाठच्या जुन्या गाळात, ओढ्याच्या दरडीत यांचे पांढरे पट्टेच्या पट्टे दिसतात.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. इगतपुरी, पेठ, त्र्यंबक या बाजूला पाऊस इतका की चुना मातीत टिकतच नाही, धुऊन जातो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर, येवल्याकडे त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून सिन्नर, निफाड, येवला, चांदवड या पूर्वेच्या पट्ट्यात कंकर सापडतो आणि पश्चिमेला भाताची तांबडी माती. भट्ट्याही पूर्वेकडेच असणार, हे वेगळं सांगायला नको.

आणि हा उद्योग पेशव्यांपासूनचा वगैरे समजू नका. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगावला उत्खनन झालं, तिथली वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी. गावाच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरं निघाली. कुंभार, सोनार, मणी करणारा, आणि त्यांच्या ओळीत चुना करणारा. नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव हे सगळं एकाच संस्कृतीचं गणगोत. म्हणजे आपल्याकडे चुना भाजणारा माणूस लोखंडाच्याही आधीचा आहे.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१०

हे आवडलं. पण मग सिन्नरचं गोंदेश्वर? ते तर पेशव्यांच्या कितीतरी आधीचं, आणि त्यात चुना नाही म्हणतात.

काळी माती | मंगळवार, दुपारी १:२५

बरोबर. हेमाडपंती म्हणतात ते बांधकाम दगडाच्या खाचा-खुंट्या आणि वजनावर उभं. चुना माहीत नव्हता म्हणून नव्हे, गरज नव्हती म्हणून. कमान, घुमट, जाडजूड भराव आला की चुन्याशिवाय भागत नाही.

निवृत्त ओव्हरसियर | मंगळवार, दुपारी ३:००

आता माझा विषय आला. नाशिकला चुन्याची खरी सुगी कधी होती ते बांधकामांच्या तारखा लावून बघा. मालेगावचा किल्ला साधारण १७४० चा. नारोशंकराचं मंदिर १७४७, सुंदरनारायण १७५६, त्र्यंबकेश्वराचं काम १७५५ ते १७८६, आणि शतक संपता संपता काळाराम. शिवाय घाट, कुंडं, सरकारवाडा आणि सावकारांचे वाडे. पन्नास वर्षांत एवढं बांधकाम, आणि मालेगाव सोडलं तर सगळं गोदावरीच्या आसपास. काळारामाचा दगड रामशेजचा, हे प्रत्येक वाटाड्या सांगतो. चुना कुठला, हे मात्र कोणी विचारत नाही.

एक खुलासा. घडीव दगडाच्या दर्शनी भिंतीत सांधा केसाएवढा असतो, तिथे चुना फार लागत नाही. चुना जातो तो आतल्या भरावात, पायात, घुमटात आणि शिखरावरच्या गिलाव्यात. वाड्यांचं म्हणाल तर सगळे वाडे चुनेगच्ची नव्हते. पुष्कळांची भिंत पांढऱ्या मातीत रचलेली आणि चुना नुसता वरच्या गिलाव्याला. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाड्याची भिंत कोसळली की बघ्यांबरोबर मीही जातो आणि चिमूटभर मसाला बोटांत चुरडतो. माती निघाली की भाडेकरूंची दया येते.

इंग्रजांच्या काळात मागणी आणखी वाढली. कसारा घाटातली रेल्वे १८६५ ला सुरू झाली, तेव्हा देशात सिमेंटचा कारखानाच नव्हता. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा, आणि बाजारात सिमेंट नीट मिळायला त्यानंतरही बराच काळ गेला. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, १९१६ चं दारणा, आणि शेजारच्या जिल्ह्यात १९२६ ला पुरं झालेलं भंडारदरा, ही सगळी चुन्याच्या जमान्यातली कामं. धरणाच्या कामाला गावठी घाणी पुरत नाही, तिथे इंजिनावर चालणाऱ्या चक्क्या असायच्या. पण गावातल्या देवळाला, विहिरीला, पाटाच्या मोरीला मळेवाल्यांच्या बांधातली असली एखादी घाणी बास.

सिन्नरची लेक | मंगळवार, रात्री ८:४५

धागा वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडलं. माझं माहेर लोणाऱ्याचं. चुना आणि कोळसा हा आमच्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कुठे मिठाचाही. सिन्नर तालुक्यात लोणारवाडी नावाचं गाव आहे, नावातच सगळं आलं. तुम्ही सगळे पेशवे आणि धरणं लिहिताय, भट्टी लावणाऱ्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून लिहिते.

माझ्या आजोबांनी शेवटची भट्टी मी चौथीत असताना लावली. खडे गोळा करणं बायांचं काम. नांगरट झाली की तासातून वर आलेले खडे वेचायचे, पाटीने आणायचे, ओढ्यावर चाळणीत धुवायचे. धुणं नीट झालं नाही तर माती भाजली जाते आणि चुना तांबूस येतो. मग हातोडीने फोडून सगळे मुठीएवढे करायचे. मोठा राहिला तर आत कच्चा गाभा राहतो, बारीक झाला तर राखेत हरवतो.

भट्टी म्हणजे जमिनीत गुडघाभर खड्डा, त्यावर ढीग. खाली लाकूड, मग गोवऱ्या न् कोळसा, मग खडे, परत गोवऱ्या, परत खडे. वर जाताना निमुळतं. बाहेरून चिखलाचं लिंपण, खाली वाऱ्याला भोकं. पेटवायची संध्याकाळी, वारा पडला की. मग आजोबा झोपायचे नाहीत. वरच्या तोंडाला निळसर ज्योत खेळते, ती दिसेनाशी झाली की खडे भाजले. मग तशीच निवू द्यायची, तीन दिवस, चार दिवस. घाईने उघडली तर माणूस भाजतो.

सगळ्यात वाईट अवकाळी पाऊस. लोकांना पावसाने पीक गेल्याचं ठाऊक असतं. आमच्याकडे उघडलेल्या भट्टीवर पाऊस पडला की माल डोळ्यांदेखत फुटून, वाफा सोडत, पिठूळ होऊन वाहून जायचा. कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण अजून पाण्यात न विरवलेला, गाडीत भरलेला असताना भिजला तर गाडीच पेटायची. आजोबांच्या भावाची एक गाडी अशीच गेली. बैल सोडवले, तेवढंच.

हाताला आधी गोडं तेल चोपडायचं आणि काम झाल्यावर पाणी लावायचं नाही, आधी कोरड्या फडक्याने पुसायचं. आजीच्या बोटांच्या पेरांना कायम चिरा. ती भाकरी थापायची तेव्हा पिठात मीठ घालायला मला बोलवायची, कारण मीठ चिरांत झोंबायचं.

आणि एक सांगते, कोणाचं नाव घेत नाही. एका कंत्राटदाराने शाळेच्या इमारतीला आठ गाड्या चुना नेला आणि पाच गाड्यांचे पैसे दिले. म्हणाला, तुमचा चुना विरून फुगतो, मी फुगलेला कशाला मोजू? आजोबांनी भट्टी बंद केली ती त्या उन्हाळ्यानंतर.

मळेवाला | मंगळवार, रात्री ९:३०

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद चुलत्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, आमच्या बांधावरही दर उन्हाळ्यात सिन्नरकडची माणसं येऊन राहायची, खडे वेचून द्यायचं काम आमच्या घरच्या बायांचं. शेतातले खडे फुकटात कमी व्हायचे म्हणून आजोबा खूश. नाव-गाव त्यांना आठवत नाही.

ब्रह्मगिरी | मंगळवार, रात्री ९:५०

+१. ताई, लिहीत राहा.

अवांतर: चुन्यात गूळ, उडीद, बेलफळ, अंडी, शिसं घालायचे म्हणून जुन्या भिंती अभेद्य, असं गाईड सांगतात. खरं काय?

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, सकाळी ६:१०

गूळ खरा, बेलफळाचा गर खरा, हिरड्याचं पाणी खरं. धाब्यावर चुन्याचा कोबा घालायचे तेव्हा बाया ओळीने बसून लाकडी थापीने तो दिवसच्या दिवस झोडायच्या आणि वर गुळाचं न् बेलाचं पाणी शिंपडायच्या. त्याने पाणी धरून ठेवायला मदत होते, तडे कमी जातात. ताग आणि केसही घालायचे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, २०१६ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. शिसं ओतायचे ते दगडांना जोडणाऱ्या लोखंडी पकडींच्या खाचेत, चुन्यात नव्हे. उडदाचं पीठ गिलाव्याच्या वरच्या हाताला. पण अख्खा वाडा उडदात बांधला असता तर गावाने वर्षभर वरण खाल्लं नसतं.

भिंत टिकते ती गुळाने नाही. चुना चांगला विरलेला आहे का आणि घाणीत पुरेसा रगडला आहे का, यावर सगळं.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:००

मूळ प्रश्न राहिला. एवढा चांगला चुना, एवढा जुना धंदा, मग मेला कसा? सिमेंट आलं म्हणून, एवढंच उत्तर असेल तर कंटाळवाणं आहे. सिमेंट आल्यावरही मध्य प्रदेशात कटनीचा चुना चालूच आहे, राजस्थानात गोटनचा चुना चालूच आहे. नाशिकचाच का मेला?

निवृत्त ओव्हरसियर | बुधवार, सकाळी १०:१५

प्रश्न चांगला आहे. मी १९७१ ला नोकरीला लागलो. सिमेंट तेव्हा परमिटवर. घर बांधायचं तर अर्ज, शिक्का, खेटे. गोणी मिळाली तर अर्धी दगड झालेली. त्यामुळे गावाकडे चुना जिवंत होता, चुना चांगला म्हणून नव्हे, सिमेंट मिळत नाही म्हणून. सिमेंटच्याच वाटपावरून १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली, त्याच वर्षी सिमेंटवरचं नियंत्रण निम्मंशिम्मं उठलं, १९८९ ला पूर्ण उठलं. त्या सात वर्षांत माझ्या हद्दीतल्या घाण्या थांबल्या. गवंड्यांनाही ते सोयीचं होतं. चुना आठ दिवस आधी विरवा, बैल आणा, घाणी फिरवा, भिंत रोज थोडी थोडी चढवा. सिमेंटची गोणी फाडली की दुपारी काम सुरू.

पण शंकासुर म्हणतात ते कोडं यातून सुटत नाही, मान्य.

गळीत | बुधवार, दुपारी २:४०

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली. मला वाटतं कोड्याचा एक तुकडा माझ्याकडे आहे.

उसाचा रस साफ करायला चुना लागतो, हे सगळ्यांना माहीत असेल असं नाही. रसात चुन्याचं दूध सोडायचं, गंधकाचा धूर सोडायचा, मळी खाली बसते. म्हणजे प्रत्येक कारखाना हा चुन्याचा मोठा गिऱ्हाईक. आपल्या जिल्ह्यात रावळगाव १९३३ पासून, पुढे सहकारी कारखाने आले. मग स्थानिक भट्ट्यांना सोन्याचे दिवस यायला हवे होते. आले नाहीत. कारण आम्ही चुना घेताना बघतो एकच, त्यात उपयोगी चुना किती टक्के. सिलिका जास्त असेल तर रस आटवायच्या बाष्पकाच्या नळ्यांत खपली धरते आणि हंगामाच्या मध्यात कारखाना बंद ठेवून नळ्या खरवडाव्या लागतात. कंकरचा चुना म्हणजे निम्मी शेतातली चिकणमाती. आमच्या फाटकाच्या आत तो येऊच शकत नव्हता. आमचा माल यायचा राजस्थानातून.

छाटणी | बुधवार, दुपारी ३:१५

गळीत साहेब, द्राक्षातही तेच बघा. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण करताना शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद वेगळ्या ड्रममध्ये, चुना वेगळ्या ड्रममध्ये, मग एकत्र. ड्रम प्लॅस्टिकचाच. नंतर त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचं, तांबूस चढलं तर चुना कमी पडला, अजून घाला. एकदा आमच्या वडिलांनी गावठी चुना वापरला. दोन किलो घातला तरी पातं लालच, आणि पंपाचे नोझल चोंदले ते वेगळेच. तेव्हापासून दुकानदाराला "राजस्थानचा दे" असंच सांगतो.

गंमत म्हणजे त्याच चुनखडीने जमिनीत आमचा जीव खाल्लाय. मुळाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. 

काळी माती | बुधवार, दुपारी ४:००

गळीत आणि छाटणी, तुम्ही दोघांनी मिळून कोडं सोडवलंत. शंकासुर, हे घ्या उत्तर.

शुद्ध चुना आणि कंकरचा चुना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शुद्ध चुना पाण्यात घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो. शाळेत निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची, तीच क्रिया, फक्त भिंतीत ती वर्षानुवर्षं चालते. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे तो ओलाच राहतो. कंकरमध्ये चिकणमाती मिसळलेलीच असते. ती चुन्याबरोबर भाजली गेली की चुना पाण्याशीच जुळून घट्ट होतो, पाण्याखालीसुद्धा. म्हणजे विहीर, घाट, बंधारा, पूल यांना हवा असतो तसाच. शुद्ध चुन्याला ही कला यावी म्हणून त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, घालावी लागते. आपल्या खड्यात सुरखी जन्मतःच. भारतीय मानकात, आयएस ७१२ मध्ये, बांधकामाच्या चुन्याचे वर्ग आहेत, त्यात कंकरच्या चुन्याला स्वतंत्र वर्ग दिलाय, "ई".

आता हिशोब जुळवा. जी माती भिंतीत गुण, तीच साखरेत खपली, बोर्डोत गाळ आणि विड्याच्या पानात कचकच. कटनी-गोटनच्या चुन्याला साखर, कागद, पोलाद, चामडं, रंग अशी दहा गिऱ्हाइकं. भिंत हातची गेली तरी नऊ राहिली. नाशिकच्या चुन्याला एकच गिऱ्हाईक होतं, भिंत. ती सिमेंटने नेली.

शंकासुर | बुधवार, दुपारी ४:२०

पटलं. (हे मी या संस्थळावर वर्षातून एकदा लिहितो.)

सिन्नरची लेक | बुधवार, रात्री ९:००

पानात कचकच हे अगदी खरं! आजोबा स्वतःच्या भट्टीचा चुना कधीच पानाला लावायचे नाहीत. त्यांच्या चुनाळ्यात शिंपल्याचा चुना, कोकणातून आलेला, बाजारातून विकतचा. लहानपणी मला वाटायचं, घरचा चुना असून विकत कशाला घेतात, म्हातारा मिजासखोर आहे. आज कळलं.

मळेवाला | पुढच्या आठवड्यात रविवार, रात्री १०:१०

मंडळी, उद्योग करून बसलोय. सविस्तर सांगतो.

बांधातलेच खडे वेचले, दोन पाट्या. धुतले, फोडले. पत्र्याचा अर्धा ड्रम घेतला, ताईंनी लिहिलंय तसे गोवऱ्या न् लोणारी कोळशाचे थर लावले, बाहेरून चिखल लिंपला. शनिवारी संध्याकाळी पेटवली. निळी ज्योत दिसली! रात्री दीडच्या सुमारास दिसेनाशी झाली. बुधवारी उघडली.

निकाल असा. तिसरा हिस्सा खडे आत कच्चे, लिंबू पिळलं की फसफसतात. वरच्या थरातले बरे. तळाशी जिथे आच जास्त लागली तिथे चारपाच खडे काळपट काचेसारखे, खंगर झालेले. बाकीचे हलके, बोटाने खरवडले तर पांढरं पीठ. दोन किलो भाजलेले खडे घमेल्यात घालून वर पाणी सोडलं. मी लांब उभा, डोळ्यांना फवारणीचा चष्मा. काहीच होईना. बाजारातला कळीचा चुना टाकल्या टाकल्या उसळतो, लहानपणी दिवाळीच्या आधी ड्रमात विरवताना आम्हाला त्याच्या जवळ फिरकू देत नसत. हा मात्र पाणी पिऊन गप्प. अर्ध्या तासाने हळूहळू वाफ यायला लागली, खडे तडकून सुटे झाले. चुलते खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "कंकर आहे, तो असाच. सावकाश."

मग वाळू एकास दोन घेऊन पाट्यावर रगडला. कोणाचा पाटा हे विचारू नका, घरात अजून बोलणं बंद आहे. एक वडी याची केली, एक वडी बाजारच्या चुन्याची तशीच. दोन्ही तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या आणि मग दोन वाडग्यांत पाण्यात बुडवल्या. बाजारच्या चुन्याच्या वडीचा दुसऱ्या दिवशी चिखल झाला. आमची वडी आज पाण्यातून काढली. कड थोडी सुटली, पण वडी अख्खी. नख रुततं, बोट रुतत नाही.

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ५:५०

शाबास. हीच जुनी परीक्षा. नोकरीत असताना वडी पाण्यात टाकून आम्ही मालाच्या गाड्या परत पाठवायचो. कच्चा गाभा राहिला कारण ड्रम लहान, आच धरत नाही. साधारण ९०० अंश आतपर्यंत पोचायला हवेत, आणि तेवढ्यावर टिकायलाही हवेत. शंभर किलो निर्भेळ चुनखडी नीट भाजली तर छप्पन्न किलो कळी उरते, बाकी हवेत जातं. पुढच्या वेळी भट्टीत घालताना आणि काढताना वजन करा, किती भाजलं ते वजनच सांगेल.

सिन्नरची लेक | सोमवार, सकाळी ७:३०

दादा, आणि फोडताना मुठीपेक्षा लहान करा. कोणाची मूठ असा प्रश्न पडला तर बाईची.

ब्रह्मगिरी | सोमवार, सकाळी ८:१५

चाक मिळालं, पण चर कुठाय? चाक आहे तिथे चर असणारच.

निवृत्त ओव्हरसियर | सोमवार, सकाळी ८:४०

हेच विचारणार होतो. चाक निघालं तिथून सगळ्या बाजूंना दहा-पंधरा फुटांत गोलाईत लावलेले दगड मिळतील, आतून घासलेले. मधोमध खुंट्याचा दगड. घाणी मोडली की लोक चाक बांधात ढकलून द्यायचे, चर मात्र कोणी उपटत बसत नसे. वरून माती चढली असेल, एवढंच. जेसीबी लावू नका.

मळेवाला | सोमवार, सकाळी ९:०५

जेसीबी लावता येणारही नाही, त्या बाजूने ठिबकची मुख्य पाइपलाइन गेलीय. हातानेच खणावं लागेल. येत्या रविवारी सकाळी सातला सुरू करतो. ज्याला यायचं त्याने या, मिसळ माझ्याकडे. ताई, तुम्ही याच. चुलत्यांना तुमच्या आजोबांबद्दल विचारायचंय, कोणत्या साली कुठे भट्टी लावायचे ते. त्यांना एक काळा कुत्रा आठवतोय त्या माणसांबरोबरचा.

सिन्नरची लेक | सोमवार, सकाळी ९:२०

कुत्रा काळा होता का माहीत नाही, पण होता. मोत्या. येते.

शंकासुर | सोमवार, सकाळी ९:३०

मीही येतो. फावडं आणू का?

मळेवाला | सोमवार, सकाळी ९:३२

फावडी आहेत. टोपी आणा, आणि पाटा-वरवंटा जास्तीचा असेल तर तो.